अगदी अस्साच टॉप

माझ्या भाचीचा एक पिवळा टॉप आहे. म्हणजे कधीकाळी पिवळा होता. पोटावरच्या हत्तीची सोंड धुण्यात गेली, खालची दुमड एका बाजूनं उसवली, गळा लोंबायला लागला, तरी ही पाच वर्षांची बाई रोज सकाळी कपाटातून तोच ओढून काढते. गणपतीच्या आधी तिनं फर्मान काढलं, ‘‘मावशी, मला अगदी अस्साच शिव.’’ कापडही तिनंच निवडलं. आजीच्या ट्रंकेत कधीतरी ओटीत आलेले दोन मोरपिशी खण होते, ते.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? शिंप्याकडे जाताना आपण मापाचा ब्लाउज नेतोच की. मास्तर तो टेबलावर पसरतात, इथेतिथे टेप लावतात, वहीत चार आकडे टिपतात आणि आठ दिवसांनी अगदी तसाच दुसरा हातात ठेवतात. मग मीही पिवळा टॉप खणावर सपाट पसरला, कडेकडेनं खडू फिरवला, शिवणीसाठी सगळीकडून अर्धा इंच जागा सोडली, कापला आणि मशिनवर बसले. संध्याकाळी दोन्ही टॉप शेजारी ठेवले तर हुबेहूब जुळे.

घालायला घेतला आणि डोकं गळ्यात अडकलं. आतून आवाज आला, ‘‘मावशी, अंधार झाला!’’ गळा कापून मोठा केला तर टॉप खांद्यावरून घसरायला लागला. हात वर केला की बेंबी उघडी. आणि पहिल्या धुण्यानंतर तो काखेत इतका दाटला की काढताना तिची आई, मी आणि आजी अशा तिघी लागलो.

टेबलावर जुळे दिसणारे दोन कपडे अंगावर इतके वेगळे का वागले? मास्तर जे करतात आणि मी जे केलं, त्यात फरक कुठे पडला?

अर्धा इंच, चार वेळा

मास्तर खडू घेऊन मापाच्या कपड्याच्या कडेनं कधीच फिरत नाहीत. ते काखेपासून काखेपर्यंत मोजतात, आकडा दुप्पट करतात आणि कागदावर उतरवताना त्याचा चौथा भाग घेतात. शिवणक्लासला गेलेल्या कुणालाही ‘छातीचा १/४’ ही भाषा पाठ असते. कापड घडी घालून कापायचं असतं, त्यामुळे पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग आखला की पुरतं. घडी उलगडली की दोन्ही पूर्ण होतात. थोडक्यात, टॉप म्हणजे चार पाव.

या हिशेबात कुठलीही चूक चौपट होते. समजा शिवणीसाठी जागा सोडायला विसरलात. टॉपला कडेला दोन शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन कडा आणि प्रत्येक कडेचा अर्धा इंच आत जाणार. एकूण दोन इंच गेले. पाच वर्षांच्या मुलीच्या टॉपमधून दोन इंच गेले तर तो थेट धाकट्या भावाला द्यावा लागतो. उलटही होतं. खडू जाड असेल आणि रेघ कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर पडत असेल, तर चार ठिकाणी मिळून सेंटिमीटरभर ढगळपणा फुकट मिळतो.

शिवणीपलीकडे सोडलेल्या या कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. दिसत नाही, पण ती नसेल तर शिवण सुटते. ज्यानं कुणी हा शब्द इथे वापरला त्याला कापड कळत होतंच, आणखीही काही कळत असावं. पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून त्याहून जास्त ठेवलेलं कापड म्हणजे ‘दाब’. मास्तर मापाचा ब्लाउज उलटा करून बघतात ते यासाठी. दाब किती आहे, तो आधी एकदा काढून झालाय का, जुन्या टिपेची भोकं कुठे दिसतात, हे सगळं आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. बाहेरून खडू फिरवणाऱ्याला त्यातलं काहीच वाचता येत नाही.

सपाट पसरलेला कपडा आणखी एक लबाडी करतो. पुढचा भाग आणि मागचा भाग एकसारखे आहेत असं भासवतो. गळा पुढे खोल आणि मागे उथळ असतो, हे कुणालाही दिसतं. मुंढ्याचं तसं नाही. मुंढा म्हणजे बाही जिथं धडाला जोडली जाते तो गोलाकार भाग. बऱ्याच कपड्यांत पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त आत कोरलेला असतो, कारण माणसाचे हात पुढे जातात. लिहायला, जेवायला, कुणाच्या गळ्यात पडायला. स्वतःलाच घट्ट मिठी मारून बघा. पाठीवर कापड ताणलं जातं, छातीवर ते चुरगळतं. म्हणून पाठीला रुंदी जास्त लागते आणि पुढून कापड कमी केलेलं बरं. टेबलावर मात्र मागची कड पुढच्या कडेबाहेर जराशी डोकावते, खडू बाहेरच्या कडेनं फिरतो आणि दोन्ही भाग पाठीच्या मापाचे निघतात. मग काखेपुढे कापडाचा बोळा जमतो.

सरकतं दार आणि एक रशियन गणिती

आता कापडाच्या स्वभावाकडे येऊ. एक सुती हातरुमाल घ्या. काठाच्या दिशेनं ओढा. तो जवळजवळ हलत नाही. त्याला काटकोनात ओढा, किंचित देईल. आता समोरासमोरची दोन टोकं धरून तिरका ओढा. रुमाल चक्क लांब होतो आणि मधे निमुळता होतो.

मागावर आधी उभे धागे ताणून बसवतात आणि त्यांच्यातून आडवा धागा खालीवर होत जातो. उभा धागा मुळातच ताणात असतो, म्हणून तो सर्वांत हट्टी. आडवा त्या मानानं नरम. तिरक्या दिशेला, शिवणकामातल्या शब्दात ‘उरेब’, धागाच नसतो. तिथे असते फक्त छोट्या छोट्या चौकोनांची जाळी. दुकानाला बाजूला सरकणारं लोखंडी जाळीचं दार असतं ते आठवा. ओढलं की लांब होतं, ढकललं की आखडतं, पण त्यातली एकही पट्टी लांब किंवा आखूड होत नाही. बदलतात ते फक्त पट्ट्यांमधले कोन. उरेब ओढलेलं कापड हेच करतं.

पाफनुती चेबिशेव या रशियन गणितज्ञानं १८७८ साली पॅरिसमधल्या विज्ञान परिषदेत चक्क कपडे बेतण्यावर व्याख्यान दिलं. त्यानं कापडाकडे असंच पाहिलं होतं. धाग्यांची लांबी कायम आणि फक्त कोन बदलणारे. अशा जाळीनं एखादी वक्र वस्तू, उदाहरणार्थ चेंडू, कशी झाकता येईल? गणितात अशा जाळीला आजही चेबिशेवचं नाव आहे. आपल्या गल्लीतल्या शिंप्याला हे नाव ठाऊक असायची गरज नाही. गळ्याला लावायची पट्टी तो उरेब कापतो, कारण सरळ कापलेली पट्टी वळणावर बसत नाही आणि उरेब पट्टी पाण्यासारखी वळते.

मुळात अडचण ही की अंग गोल आणि कापड सपाट. मोसंबीची साल सोलून पाटावर सपाट करायला गेलं की ती फाटते. तेच उलटं केलं की सपाट कापडाला फुगीर अंगावर बसवताना कुठेतरी चिमटावं लागतं. मोठ्या बायकांच्या ब्लाउजला म्हणूनच टक्स घालावे लागतात. लहान मुलांचं बरं असतं. त्यांचं धड जवळजवळ नळकांडं असतं आणि सपाट कागद नळकांड्याभोवती बिनतक्रार गुंडाळता येतो. शिवण शिकायला मुलांच्या कपड्यांपासून सुरुवात करतात त्यामागे हेही एक कारण असावं. अपवाद एकच, पोट. या वयात ते पुढे आलेलं असतं आणि टॉपला पुढून उचलून धरतं. पुढच्या भागाला मध्यावर अर्धा इंच उंची जास्त दिली, की खालची कड सगळीकडून सारखी दिसते.

पण माझा पहिला गुन्हा याच्याही आधी घडला होता. पिवळा टॉप होता होजियरीचा. होजियरी विणलेली असते ती स्वेटर विणतात तशी. एकात एक अडकवलेल्या टाक्यांची. ओढलं की प्रत्येक टाका सरळ व्हायला लागतो, सोडलं की पुन्हा गोल होतो. म्हणून बनियन अंगाला चिकटूनही श्वास कोंडत नाही. भाचीची छाती २३ इंच. पिवळ्या टॉपचा घेर, मोजला तेव्हा, २४. फक्त एक इंच सैल, आणि तरी ती त्यात कोलांट्या मारते, कारण उरलेली सोय कापड करतं. खण तशी सोय करत नाही. मागावरच्या कापडाला श्वासाची, जेवणाची, हात फिरवण्याची जागा आधीच मोजून द्यावी लागते. मास्तर लोक तिला ‘लूजिंग’ म्हणतात. मुलांच्या साध्या सुती टॉपला ते छातीवर तीन-चार इंच तरी हवं. मी बाह्यरेषा जशीच्या तशी उचलली. तिच्यासोबत होजियरीचा स्वभाव मात्र उचलता आला नाही.

डोकं केवढं, गळा केवढा

आता तो अंधार. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५१ सेंटिमीटर, म्हणजे २० इंच असतो. पिवळ्या टॉपचा गळा नुसता मोजला तर १६ इंच. ताणला की सहज २१. खणाचा १६ इंची गळा १६च राहिला.

मुलांच्या कपड्यात डोक्याला एवढं महत्त्व का, ते वाढीच्या आकड्यांत दिसतं. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि छाती त्याहून थोडी कमीच भरते. वर्षाचं होईतो डोकं ४६ सेंटिमीटरपर्यंत जातं आणि छाती त्याला गाठते. त्यानंतर छाती पुढे निघून जाते. डोकं मात्र पुढच्या चार वर्षांत जेमतेम पाच सेंटिमीटर वाढतं. म्हणजे तान्ह्या बाळाच्या शरीरातला सर्वांत मोठा घेर त्याच्या डोक्याचा. आपलं झबलं पाहा. ते पुढून किंवा मागून पूर्ण उघडं असतं आणि बंदांनी बांधायचं असतं. डोक्यावरून काही घालण्याचा प्रश्नच ठेवलेला नाही. बाळंतविडा शिवणाऱ्या आज्यांनी घेर टेपनं मोजले नसतील, पण बाळाची मान धरून कपडा घालण्याचा अनुभव त्यांच्या हातात होता.

मी घाईघाईत गळा सभोवार अर्धा इंच कापला. मग कड दुमडून शिवली, त्यात आणखी अर्धा इंच गेला. एकच इंच, असं मनात म्हटलं. पण गोलाचा हिशेब वेगळा चालतो. वर्तुळाची त्रिज्या अर्धा इंच वाढली की परीघ तीन इंचांहून थोडा जास्त वाढतो, मूळ गोल लहान असो वा मोठा. माझ्या दोन अर्ध्या इंचांनी १६चा गळा २२ करून टाकला. डोकं गेलं आणि पाठोपाठ खांदेही जायला लागले.

यावर मास्तरांचा उपाय इतका साधा आहे की राग येतो. गळा लहानच ठेवायचा आणि पाठीमागे चीर द्यायची. तीन इंचांच्या चिरेला दोन कडा असतात, म्हणून तोंड सहा इंचांनी मोठं होतं. १५ इंचांचा गळा आणि तीन इंचांची चीर मिळून २१ इंच. डोकं आत गेलं की वर एक बटण लावायचं. गळा पुन्हा १५. खांद्यावर दोन बटणं लावली तरी तेच साधतं.

गळा दुमडून नुसता शिवला की कडेला सुरकुत्या पडतात, त्याचंही मूळ याच हिशेबात. गळ्याची त्रिज्या सहा सेंटिमीटर आणि माया एक सेंटिमीटर धरा. मायेची कड आतल्या, पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलावर असते. ती मागे दुमडली की तिला सात सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलावर पसरावं लागतं. म्हणजे बारा-साडेबारा सेंटिमीटर कापड कमी पडतं. म्हणून शिवणीच्या अगदी जवळपर्यंत, पण शिवण न कापता, मायेला छोटे छोटे कट मारायचे. ते पंख्यासारखे उघडतात आणि कमी पडणारी लांबी भरून निघते. उरेब पट्टी हीच अडचण कट न मारता सोडवते. तिची जाळी जिथे हवी तिथे ताणली जाते.

कागदाची सुरळी तिरकी कापली तर

बाही हा शिवणकामातला सर्वांत फसवा तुकडा. उसवलेली बाही टेबलावर पसरली की वर डोंगरासारखी गोलाई दिसते. नळीसारख्या हाताला झाकायचं तर साधा आयत का चालत नाही?

वर्तमानपत्राच्या पानाची सुरळी करा आणि कात्रीनं तिचं टोक सरळ कापा. उलगडली की कड सरळ. आता दुसरी सुरळी तिरकी कापा, ऊस तिरका तासतात तशी. ही उलगडली की कडेला एक सुबक लाट दिसेल. मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना उतार. हीच बाहीची गोलाई. बाही ही धडाला तिरकी भेटणारी नळी आहे आणि लाट किती उंच येणार ते तिरकेपणा ठरवतो.

आता दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरा, लहान मुलं विमान होतात तसे. हात धडाला जवळजवळ काटकोनात आहे. या स्थितीसाठी बेतलेली बाही सरळ कापलेल्या सुरळीसारखी, म्हणजे गोलाई अगदी कमी. हात खाली सोडला की नळी धडाला खूप तिरकी भेटते आणि गोलाई उंच लागते. गोम अशी की बाही एकाच स्थितीसाठी शिवता येते. उंच गोलाईची बाही हात खाली असताना देखणी दिसते, पण हात वर गेला की सगळा टॉप बरोबर उचलते. कमी गोलाईची बाही हात खाली असताना काखेत चुण्या पाडते, पण झाडावर चढू देते. इंग्रजी वळणाचे कोट उंच गोलाईचे असतात, आपले सदरे-कुडते कमी गोलाईचे. जुन्या पद्धतीच्या कुडत्यात तर गोलाईच नसते. आयताची बाही सरळ धडाला जोडतात आणि काखेत एक लहान चौकोन तिरपा बसवतात. तो उरेब पडतो आणि हात वर जाताना ताणला जातो. कापडाचा एक तुकडाही वाया जात नाही. मला हे कुठल्याही कोटापेक्षा हुशारीचं वाटतं.

पिवळ्या टॉपची बाही मी शिवलेल्या स्थितीतच कडेनं आखली होती. ती दुमडलेली असल्यामुळे वरची कड सरळ दिसली, आणि मुंढ्याच्या शिवणीची गोलाई मी नजरेनंच, जरा जास्त उंच काढली. बेंबी उघडी पडली ती त्यामुळे. मुलांसाठी गोलाई कमी आणि बाहीचा घेर थोडा जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. आणि गोलाईच्या कडेची लांबी पुढच्या-मागच्या मुंढ्यांच्या एकत्र लांबीइतकी, फार तर थोडी जास्त भरायला हवी. वळणावर टेप आडवा ठेवता येत नाही. तो कडेवर उभा धरून फिरवायचा.

पाणी प्यायलेला धागा

धुतल्यावर कापड आटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. का आटतं, ते पाहण्यासारखं आहे. टेबलावर सहा काचेच्या बाटल्या ओळीत मांडा आणि एक दोरी त्यांच्या एकदा पुढून, एकदा मागून अशी नागमोडी न्या. आता बाटल्या काढून त्या जागी तांबे ठेवा. दोरी तेवढीच, पण प्रत्येक तांब्याला मोठा वळसा घालावा लागतो. मग दोरी पुरवायची तर तांबे जवळ सरकवावे लागतात. कापसाचा तंतू पाण्यात लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला चांगला फुगतो. फुगलेल्या धाग्याभोवती वळसे मोठे होतात आणि धागे जवळ ओढले जातात. शिवाय मागावर दिलेला ताण पाण्यात सुटतो, आणि वाळल्यावर धागे बारीक झाले तरी कापड आपणहून पहिल्या लांबीला परत जात नाही. ताण उभ्या धाग्याला जास्त होता, म्हणून उभ्या दिशेला आटणंही जास्त. जुन्या पिढीला कापडाच्या काठावरचा ‘सॅन्फोराइज्ड’ हा शिक्का आठवत असेल. अमेरिकेतल्या सॅन्फर्ड क्लुएटनं १९३० च्या सुमारास शोधलेल्या या रीतीत कापड गिरणीतच यंत्रानं लांबीला दाबून आधीच आटवतात.

माझा खण कुणीच आटवला नव्हता. वर मी एक हौस केली होती. बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचे खण पन्ह्याला लहान असतात आणि त्यांचे काठ दोन्ही कडांना, उभ्या धाग्याच्या दिशेनं जातात. मला तो काठ टॉपच्या खालच्या कडेला हवा होता. म्हणून कापड आडवं फिरवलं. एरवी उभा धागा गळ्यापासून खाली जातो. माझ्या टॉपमध्ये तो भाचीच्या छातीभोवती फिरत होता. धुतल्यावर कापड जिथे सर्वांत जास्त आटतं ती दिशा नेमकी घेराची झाली. २४ इंचांत शंभराला चार या दरानं एक इंच गेला. लूजिंग होतं तेवढंच. बाकी राहिला शून्य, आणि काढायला तीन बायका.

काठ खाली घेऊ नये असं यातून निघत नाही. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं एवढंच. खळही निघून जाते आणि रंग जातो का तेही कापण्याआधीच कळतं.

जुन्या कपड्याची साक्ष

मग जुन्या टॉपकडून घ्यायचं तरी काय? भरपूर. फक्त ते बाह्यरेषेत नसतं. वापरलेला कपडा कुठे झिजलाय, कुठे ताणलाय ते बघावं. काखेजवळच्या टिपेचे टाके उघडे पडलेत, म्हणजे मुंढा लहान होता. गळा पुढून लोंबतोय, तर बाईसाहेब तो दोन्ही हातांनी ओढून काढतात. अंगावर घालायला लावून सुरकुत्या पाहाव्यात. घट्ट जागेकडून त्या बाणासारख्या निघतात; बटणाकडे तोंड करून आडव्या पडलेल्या रेषा म्हणजे छाती कमी, खांद्याच्या टोकाकडून तिरक्या उतरणाऱ्या रेषा म्हणजे खांदा चढा, चौकोनी. उभ्या, सैल पडलेल्या घड्या असतील तर तिथे कापड जास्त झालंय.

आणि आवडता टॉप नेहमीच गेल्या वर्षीचा असतो. चार वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होतं, छाती जेमतेम दोन सेंटिमीटर वाढते, डोकं अर्धा सेंटिमीटरही नाही. युरोपातल्या मुलांच्या कपड्यांचे नंबर तर थेट उंचीचे असतात. ९८, १०४, ११०, ११६, सहा-सहा सेंटिमीटरच्या पायऱ्या. त्यामुळे नमुना झेरॉक्सवर मोठा करून भागत नाही. उंचीबरोबर गळाही वाढतो आणि तो वाढायला नको असतो. कागद पोटाच्या रेषेवर आडवा कापून दीड-दोन इंच सरकवावा, म्हणजे उंची वाढते आणि गळा-मुंढा जागच्या जागी राहतात. एकच नमुना वेगवेगळ्या मापांत करून द्यायचा हा खटाटोप धंदा म्हणून प्रथम जमवला तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्यानं, १८६३ मध्ये. सुरुवातीला तो पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या कपड्यांचे कागदी नमुने विकायचा. त्याआधी घराघरांत नेहमीची रीत एकच. जुना कपडा उसवायचा आणि तुकड्यांवरून नवा कापायचा. आजही तीच सर्वांत बिनचूक. पण आवडता टॉप उसवायला हातात घेऊन दाखवा.

> चौकट: न उसवता नमुना उतरवताना
>
> जाड पुठ्ठ्यावर किंवा चादरीच्या चार घड्यांवर खाकी कागद ठेवा. त्यावर टॉपचा फक्त पुढचा भाग, मध्यावर घडी घालून, सपाट बसवा. मागचा भाग त्याच्या वाटेत येऊ देऊ नका. शिवणीच्या रेषेतूनच टाचणी कागदापर्यंत टोचत जा, सरळ कडेला दोन-दोन बोटांवर, वळणावर अगदी जवळजवळ. टॉप उचला आणि ठिपके जोडा. मागचा भाग आणि बाही यांच्यासाठी वेगळे कागद.
>
> टाचणी टोचवत नसेल तर वर पातळ कागद धरून आडवी पेन्सिल घासा. नाण्यावर कागद ठेवून घासलं की छाप उठतो, तशी शिवणीची उंच रेघ उठून दिसते.
>
> चुण्यांच्या भागाचं दिसतं ते माप घेऊ नका. चुण्या खाली जिथे मोकळ्या होतात तिथला घेर मोजा. बहुधा तेवढंच कापड वर गोळा केलेलं असतं.
>
> उभ्या धाग्याची दिशा बाणानं कागदावर लिहा. लूजिंग आणि वाढीव उंची आधी, माया सर्वांत शेवटी. गळ्याला माया आतल्या बाजूला. नंतर जुन्या चादरीच्या कापडात कच्चा टॉप करून धावदोरा घाला आणि एकदा घालून बघा.

दुसऱ्या खेपेला मी खण रात्रभर भिजवला. पाण्यात बराच मोरपिशी रंग उतरला, म्हणून पुन्हा एकदा भिजवला. पिवळा टॉप टाचण्यांनी उतरवला, उंची दोन इंच वाढवली, छाती सव्वीस केली, मुंढा पुढून जरा कोरला, बाहीची गोलाई कमी केली. पाठीमागे तीन इंचांची चीर आणि आजीच्या डब्यातलं शिंपल्याचं एक बटण. कच्चा टॉप एका जुन्या उशीच्या अभ्र्यात केला होता. तो तिला इतका आवडला की खणाचा नंतर, आधी हाच पक्का शिव, असा हट्ट झाला. हत्ती मात्र मला जमला नाही. तिनंच तो खडूनं काढून दिला, सोंडेसकट, आणि मी त्यावर साखळी टाका घातला.

खालच्या दुमडीत दीड इंच आत ठेवलाय आणि कडेच्या शिवणींना दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच दाब. पुढच्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत उसवून सोडायचा आहे.